म्युनिसिपालिटीचं नाक

अखेर म्युनिसिपालिटीने कुशाबाला कामावरून काढून टाकलं. पण तसं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ.

कुशाबा मूळचा तळेघरचा. नाचणी करपली त्या साली तो बायकोला घेऊन जुन्नरला उतरला आणि गावाबाहेरच्या सोनखताच्या डेपोवर लागला. गावातला मैला गाड्यांतून तिथे यायचा, राखेबरोबर खड्ड्यात थरावर थर पडायचा आणि महिनोन् महिने मुरायचा. मुरला की लिलाव. मुरला की नाही, हे मूठभर खत नाकाशी नेऊन कुशाबाने सांगायचं. पुढे तो प्लेगच्या तापातून उठला. नाक जागेवर होतं, वास तेवढा गेला होता. तव्यावर भाकरी जळते आहे हे त्याला धूर दिसल्यावर कळायचं.

ही गोष्ट त्याने एकट्या अंबाबाईला सांगितली.

"मंग मी कशाला हाय?" ती म्हणाली.

तेव्हापासून ती दुपारची भाकरी घेऊन डेपोवर यायची आणि खड्ड्याच्या काठाशी उभी राहायची. पदर नाकावर गेला तर कच्चं, खाली राहिला तर पिकलं. कुशाबा मूठ नाकाशी धरून बायकोकडे तिरपं बघायचा आणि गंभीरपणे निकाल द्यायचा. दोन वर्षांत एक खड्डा चुकला नाही. कुशाबाची कीर्ती ओतूरपर्यंत गेली. तळेघरला ती त्याने स्वतःच नेऊन पोचवली.

त्या दिवशी मोठा खड्डा उघडला होता. पुण्याहून इन्स्पेक्टर आले होते. खत घेणारे गुलाबचंद शेट वाऱ्याच्या वरच्या अंगाला, उपरण्यात तोंड गुंडाळून उभे होते.

"कुशाबा, सांग बाबा लवकर," शेट आतून म्हणाले. "माझा श्वास संपत आला."

कुशाबाने मूठ उचलली. नेमका त्याच वेळी त्याचा थोरला भाऊ गेणभाऊ, धाकट्याचा सरकारी थाट बघायला तळेघरहून चालत आलेला, बांधावर उगवला. थोरल्या दिराला बघताच अंबाबाईने रीतीप्रमाणे डोक्यावरचा पदर पुढे ओढून नाकतोंड झाकलं.

"कच्चं," कुशाबा म्हणाला.

अंबाबाई खोकली. दिरापुढे तिला याहून जास्त बोलता येत नव्हतं. कुशाबाला वाटलं, फारच कच्चं असणार.

"लई कच्चं," त्याने सुधारणा केली.

गेणभाऊने कौतुकाने मूठ भरून घेतली, हुंगली आणि बुचकळ्यात पडला. "आरं कुशा, ह्ये तर चुलीतल्या मातीवानी झालंय. कच्चं कुठं हाय?"

इन्स्पेक्टरांनीही वाकून हुंगलं. मग सरळ होऊन त्यांनी सकाळी आलेल्या गाडीतली बादली मागवली.

"डोळे मिटा," ते कुशाबाला म्हणाले.

बादली जवळ आली तसे सगळे मागे सरकले. शेट तर रस्त्यावरच गेले. कुशाबाने मिटल्या डोळ्यांनी छातीभर श्वास घेतला. काठावर पदर वर आहे की खाली, ते दिसत नव्हतं. भाऊ बघत होता.

"पिकलं," तो म्हणाला. "न्या."

मग पदराआडून, आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या दिरासमोर, अंबाबाई बोलली.

"न्हाई वो साहेब. आजचंच हाय त्ये. खड्ड्यातलं पिकलंय."

"बाई, तुम्हाला काय कळतं यातलं?"

"नाक हाय मला."

इन्स्पेक्टर काठावरच्या पदराकडे बघत राहिले, मग कुशाबाकडे. त्यांना बाकी काही विचारावं लागलं नाही.

परतताना गेणभाऊने हाताला लागलेलं खत धोतराला पुसलं. "गावात काय सांगू रं आता?" त्याने विचारलं.

"सांग, बदली झाली."

आता सुरुवातीला जे झालं नाही असं धरलं होतं, ते झालं. चार दिवसांनी कुशाबाने कचेरीबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडून अर्ज लिहून घेतला. तो असा:

"अर्जदार कुशाबा, साकीन तळेघर, हल्ली मुक्काम जुन्नर, नम्रपणे विनंती करतो की, अर्जदाराच्या रिकाम्या झालेल्या जागी त्याची बायको अंबाबाई हिची नेमणूक व्हावी. तपासणीच्या दिवशी अर्जदाराच्या थोरल्या भावास डेपोच्या हद्दीत येऊ देऊ नये. तसेच मागील दोन साली पास झालेले यच्चयावत खड्डे अर्जदाराच्या नावावरून कमी करून अंबाबाई कोम कुशाबा हिच्या नावावर चढवावेत व तसा ठराव भर सभेत मोठ्याने वाचण्यात यावा."