लाकडी विमानातला माणूस

"ही वायर टाकीमागून वर चढणारी ना?" खाली पडलेली सुतळी बोटांतून सरकवत मालनबाई म्हणाली. "पुढं डावीकडं वळती, अन् दोन ठिकाणी पट्टीत अडकती."

लाकडी विमानाच्या पोटात गुडघे छातीशी घेऊन बसलेला धोंडीराम पगारे थबकला. त्याच्या गाठी आजवर दुसऱ्या कुणाला वाचता आल्या नव्हत्या.

कारखान्यात विमानाच्या वायरिंगचे नकाशे येत ते सपाट कागदावर. तिथे प्रत्येक वायर सरळ रेघेने या टोकापासून त्या टोकाला जाई. खऱ्या विमानात ती टाकीला वळसा घालते, भोकातून वर चढते, हे कागदाला काय ठाऊक? म्हणून खऱ्या मापाचा लाकडी सांगाडा उभा केला होता. धोंडीराम त्यात शिरून एकेक रेघ सुतळीने ओढायचा. वळणावर एक गाठ, वायर जखडायच्या पट्टीवर दोन, वर चढायचं तिथे तीन. मग तो आतून सांगायचा आणि बाहेर मालनबाई फळ्यावर खिळे ठोकून त्यांच्याभोवती खऱ्या विमानात बसवायच्या वायरी बांधायची. ती आल्यापासून नऊ वर्षं असंच चाललं होतं.

कागदावर मात्र त्याने काही उतरवलं नाही. एकाहत्तर साली तो हंगामी कामगार होता. लिहून दिलं तर उद्या आपली गरज काय, ही धास्ती होती. पुढे कायम झाला, धास्ती गेली, खोड तेवढी राहिली. त्या खोडीनेच त्याला डांबून ठेवलं. अकरा वर्षं गडी न उडणाऱ्या विमानात बसून होता! पलीकडच्या हँगरमध्ये खरी विमानं उभी असत. तिथल्या जागेसाठी त्याने तीनदा अर्ज केला. फोरमन दर वेळी प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "पगारे, दुसरा माणूस दाखवा, त्याच दिवशी सोडतो." असलं प्रेम काय जाळायचंय? दोघांना त्याने शिकवूनही पाहिलं. एकाला आत शिरताच घाम फुटायचा, दुसऱ्याच्या डोक्यात कागदावरची रेघ वळतच नसे.

आणि हिला येत होतं. धोंडीराम धडपडत बाहेर आला. "चला, आत्ताच फोरमनला सांगू. हँगरच्या अर्जाची आज शेवटची तारीख हाय."

मालनबाईने सुतळी खाली ठेवली. "दादा, मला दोन वर्षं झाली येतंय."

"मग बोलला का नाय?"

"रेल्वेची परीक्षा पास झाले. मनमाडलाच जागा हाय. ना हरकतीचा कागद फोरमनच्याच टेबलावर पडलाय. पोरं तिकडं सासूजवळ, मी इथं बहिणीच्या खोलीत. धाकटा मला पाहुणी म्हणतो. मला हे येतं म्हटल्यावर ते सही करतील? तुम्हाला सोडलं का?"

धोंडीरामला संताप आला. आपल्याच तोंडून ऐकून शिकली आणि आता आपल्यालाच अडवते. पण ती खोटं बोलत नव्हती.

दुपारी फोरमनच तिकडे आला. "काय पगारे, मिळालं का कुणी?"

मालनबाईच्या हातातली हातोडी थांबली.

"नाय साहेब. मी एकटाच."

"या बाई? इतकी वर्षं तुमच्याबरोबर आहेत."

"त्या खिळे ठोकतात नुसत्या," धोंडीराम म्हणाला. "त्यांना नकाशातलं काय कळतंय?"

"तेही खरंच," असं म्हणून फोरमन निघून गेला. मालनबाई पदराने डोळे पुसू लागली. धोंडीराम तिच्याकडे न बघता पुन्हा आत शिरला.

शनिवारी तिच्या कागदावर सही झाली. पुढच्या महिन्यात तिच्या जागी वत्सलाबाई नावाच्या नव्या बाई आल्या. धोंडीराम आतून वळणं सांगू लागला. कधी नव्हे ते सावकाश, प्रत्येक वळण का घ्यायचं तेही फोड करून सांगू लागला.

वत्सलाबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "दादा, मला नुसतं खिळा कुठं मारायचा तेवढं सांगा."

धोंडीरामने सांगितलं.