टोळ उडायला शिकली

तिला टोळ हे नाव दादाने दिलं, ते तिच्या पायांवरून. लहानपणी ती उकिडवी बसली की गुडघे थेट कानांपर्यंत यायचे. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे शर्यतीच्या जर्सीवर, पाठीमागे, मोठ्या अक्षरांत तेच छापून आलं. ते वाचून लोकांना वाटायचं, ही बाई सायकलवरून टणाटण उड्या मारत असणार. प्रत्यक्षात सगळं उलटं होतं. टोळ कधी उडायचीच नाही. तिने जे काही मिळवलं होतं, ते न उडण्यावर मिळवलं होतं.

बीएमएक्सच्या शर्यतीत छोट्या चाकांच्या सायकली असतात, गिअर एकच. आठ जणी एका उंच उतारावर ओळीने उभ्या राहतात, पुढचं लोखंडी गेट धाडकन पडतं, आणि मग मातीचे उंचवटे, वळणं, पुन्हा उंचवटे. बघणारा नीट सावरून बसेपर्यंत शर्यत संपलेली असते. नवख्या मुली उंचवट्यावरून हवेत झेपावतात. बघायला छान वाटतं, टाळ्याही पडतात, पण सायकल हवेत असली की पॅडल मारून उपयोग नसतो.

"हवेत पॅडल मारून कोणाला वारा घालणार आहेस?" मास्तर विचारायचे.

मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिट्टी तेवढी सोबत आणली आणि सायकलवाल्या मुलांना हाताशी धरलं. उंचवट्यावर ते कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधत. तिच्या हेल्मेटचा दोरीला नुसता स्पर्श झाला तरी शिट्टी वाजे आणि पुन्हा पहिल्यापासून. उंचवटा आला की गुडघे पोटात घ्यायचे, तो अंगाखालून जाऊ द्यायचा आणि पलीकडच्या उतारावर सायकल दाबायची. टोळ हे इतकं शिकली की तिचं डोकं पाण्यावरून सरकणाऱ्या बदकासारखं एका रेषेत जायचं आणि खाली पाय नुसते गदारोळ करत असायचे.

याच कसबावर ती राष्ट्रीय विजेती झाली, एकदा नाही, तीनदा. परदेशांतल्या मैदानांवर गेली, दोन-चार मोठ्या अंतिम फेऱ्या खेळली. गळ्याजवळचं हाड मोडलं, मनगट मोडलं, आणि एका वळणावर पुढचे दोन दात मातीत राहिले. ते दात ज्या तरुण डॉक्टरने बसवले त्याने बजावलं, "आता तोंडावर पडू नका म्हणजे झालं."

"ते माझ्या एकटीच्या हातात नथतं," टोळ भुलीने जड झालेल्या जिभेने म्हणाली.

आपली कारागिरी कुठे कुठे आपटते ते बघू, म्हणून तो पुढच्या शर्यतीला आला. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या शर्यतीनंतर ती म्हणाली, दातांचं निमित्त किती दिवस पुरवणार आहेस? लग्नानंतरही तिने त्याला डॉक्टर म्हणायचं सोडलं नाही. आणि ती बाहेरगावी शर्यतीला गेली की त्याचा फोन यायचा. हॅलो नाही, कशी आहेस नाही, फक्त, "दात?"

"जागेवर," ती म्हणायची, आणि मग काय झालं ते सांगायची.

तिशी उलटली आणि गेटवर शेजारी उभ्या राहणाऱ्या मुली तिला ताई म्हणू लागल्या. ते एक वेळ चाललं असतं. पण गेट पडल्याचा आवाज आणि तिच्या पायाचा पहिला रेटा यांच्यात एक बारीक फट पडायला लागली होती. पोरी पहिल्या उंचवट्यावर पोचायच्या तेव्हा ही त्यांच्या पाठी वाचत असायची. एक मोसम तिने दात-ओठ खाऊन काढला. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी संघाच्या व्यवस्थापक बाईंनी तिला चहाला बोलावलं, आणि तिच्या आवडीची बिस्किटं बशीत दिसली तेव्हाच टोळ काय ते समजली.

संघातली जागा गेली होती. ती घरी आली. काही दिवस झोप काढली. मग तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या, दादाच्या घरी जाऊन तिथल्याही बदलल्या, आणि एक दिवस डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन त्याची हत्यारं उंचीप्रमाणे लावून ठेवली. खुर्चीत पेशंट आ वासून बसलेला आणि डॉक्टर एक चिमटा शोधतोय.

"तू सायकल चालव," तो त्या संध्याकाळी म्हणाला. "नाहीतर मला चालवशील."

भिंगरीचा फोन आला तो त्याच आठवड्यात. भिंगरी म्हणजे टोळची जन्माची वैरीण. कितीतरी वर्षं दोघी गेटवर शेजारी उभ्या राहून सुटल्या होत्या, एकमेकींना कोपरं मारली होती, आणि शर्यत संपल्यावर एकाच बाटलीतलं पाणी प्यायल्या होत्या. भिंगरीने शर्यत आधीच सोडली होती. आता ती मातीच्या मोठमोठ्या टेकड्यांवरून उड्या मारायची, त्याच्या स्पर्धा खेळायची. बंद पडलेल्या एका वीटभट्टीची जागा मिळवून तिने तिथे टेकड्या रचायला घेतल्या होत्या.

"ये इकडे," भिंगरी म्हणाली.

"मला उडता येत नाही, तुला माहितेय."

"उडायला कोण बोलावतंय? माती टाकायला माणूस कमी आहे."

भट्टीवर नियम एकच होता, जो माती टाकत नाही तो उडी मारत नाही. टोळने फावडं हातात घेतलं. माती चाळायची, पाणी मारायचं, घमेली ओतायची, धुमसाने ठोकायची, आणि मग ओल्या पोत्याने कडा गुळगुळीत करायची. चढण अशी की सायकलला थेट आभाळाकडे तोंड करून सोडेल, पुढे पोकळ खाच, पलीकडे उतरण. तिच्या तळहाताला जुन्या घट्ट्यांच्या शेजारी नवे घट्टे आले. रात्री अंग आंबून जायचं आणि डबे आपापल्या जागी राहायचे.

मग एका सकाळी ती मोठ्यांसाठीच्या सगळ्यांत लहान टेकडीसमोर सायकल घेऊन उभी राहिली. वेग होता, चढण नीट होती, काठ आला, आणि तिचे गुडघे सवयीने अलगद पोटात गेले. सायकलने टेकडीला नमस्कार केल्यासारखं केलं आणि ती खाचेत जाऊन बसली. पुन्हा गेली. पुन्हा खाचेत. दुपारपर्यंत तिने ती खाच एवढ्या वेळा बघितली की भिंगरी म्हणाली, "तिथे खुर्ची टाकू का?"

असं बरेच दिवस चाललं. डोक्याला कळत होतं, पायांना पटत नव्हतं. शेवटी टोळने मास्तरांना फोन केला. ते बस बदलत बदलत आले, डोक्यावर तीच जुनी टोपी आणि गळ्यात शिट्टी. तिच्या तीन फेऱ्या त्यांनी पाहिल्या. चौथ्या वेळी ती खाचेतून वर आली तेव्हा ते हसत होते, इतके की त्यांना टेकडीला टेकून उभं राहावं लागलं.

"मास्तर, मी इथे मरतेय."

"अगं, हसू नको तर काय करू? मी बसवलेली सवय आहे ती. काय पक्की बसलीय. कोणाच्या बापाला हलायची नाही."

"मग हलवा आता."

मास्तरांनी टोपी नीट केली. "काठ आला की तुझे गुडघे वाकतात. त्यांना सांग, उभे राहा. आपण बसलेलो असतो, कोणी मोठं माणूस खोलीत येतं, आपण चटकन उठतो. तसं. काठ आला, उठायचं. पुढचं तो काठच करेल. दे ती सायकल इकडे."

"मास्तर, नको."

पण ते बसले होते. भिंगरीने फावडं खाली टाकलं. मास्तर उतारावरून घरंगळत आले, मुलांसाठी केलेल्या बुटक्या टेकडीवर चढले, काठावर ताठ उभे राहिले, आणि दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर सुटली. चांगली वीतभर. उतरलेही झोकात. पुढे मात्र ते तसेच सरळ गेले आणि चाळलेल्या मातीच्या ढिगात शिरून थांबले.

"ब्रेक कुठे असतो हिला?" त्यांनी ढिगात बसूनच विचारलं.

दोघींनी त्यांना बाहेर काढून झटकलं. भिंगरीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं. टोळही हसत होती, आणि हसता हसताच तिने सायकल उचलली, वर नेली आणि सोडली. काठ आला. ती उठली.

खालून कोणीतरी वर ढकलल्यासारखं झालं, आणि मग खाली काहीच नव्हतं. चाकांचा खरखराट थांबला. तिला भट्टीचं धुराडं दिसलं, त्यावर बसलेलं एक कबुतर दिसलं, मास्तरांच्या टोपीवरची माती दिसली. हे सगळं बघूनही ती अजून खाली आलेली नव्हती. आयुष्यभर तिने वेळ चिमटीत धरून वाचवला होता, आणि इथे तो नुसता सांडून ठेवल्यासारखा होता, हवा तेवढा घ्या. मग उतरण आपणहून चाकांखाली आली आणि ती पुढे सुटली.

ती थांबली नाही. वळण घेऊन तशीच वर गेली, पुन्हा उडाली. त्या दिवशी तिने कोणालाच टेकडी दिली नाही. शेवटी ती उतरणीवरच आडवी झाली आणि डॉक्टरला फोन लावला.

"दात?" तो म्हणाला.

"जागेवर. पण माझं तोंड बंदच होत नाहीये."

पुढच्या मोसमात तिने पहिली स्पर्धा खेळली. एकापुढे एक अशा टेकड्यांची रांग, शेवटची सगळ्यांत मोठी. बाकीच्या मुली हवेत कोलांट्या घेत होत्या, सायकल अंगाखाली गरगर फिरवत होत्या. टोळला एकच करामत येत होती, हवेत दोन्ही हात हँडलवरून सोडायचे आणि पुन्हा धरायचे. आणि तिची अडचण वेगळीच निघाली. प्रत्येक उतरणीवर सायकल दाबायची शर्यतीतली खोड काही सुटली नव्हती, त्यामुळे दर टेकडीला तिचा वेग वाढायचा. सरावात ती शेवटच्या टेकडीची उतरण पार ओलांडून सपाटीवर जाऊन आदळली होती.

"थोडा ब्रेक लाव ना," भिंगरी म्हणाली. ती स्वतःही स्पर्धेत होती.

"तो कधी शिकलेच नाही मी."

कठड्याशी उभ्या असलेल्या मास्तरांनी हे ऐकलं. "वेग आहे तो पुढे कशाला घालवतेस? वर घालव," ते म्हणाले. "अजून ताठ ऊठ."

पहिल्या फेरीत ती घाबरून पुरती उठलीच नाही. दुसऱ्या फेरीत तिने भीती मागे सोडली. पहिली टेकडी, दुसरी, प्रत्येक उतरणीवर दाब, वेग कानांत घुमायला लागला, आणि शेवटच्या काठावर ती अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून उभी राहिली. सायकल सरळ वर निघाली. गर्दीतला गलका एकदम खाली राहिला. तिने हात सोडले. हात सोडून झाले, आता परत धरायचे, पण अजून ती वरच चालली होती. हातांचं पुढे काय करायचं हे काही ठरवलेलं नव्हतं. खाली मास्तरांची टोपी दिसली, म्हणून तिने वर्गात करतात तसा एक हात सरळ वर केला. मग सावकाश खाली घेतला, हँडल धरलं आणि उतरणीच्या बरोबर मध्यावर उतरली.

आधी लोक हसले आणि मग ओरडायला लागले. डॉक्टरने एक डोळा मिटून आणि एक उघडा ठेवून सगळं पाहिलं होतं. आता दोन्ही उघडे होते आणि तो शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून बसला होता.

परीक्षकांपैकी एक जण कठड्याशी आला. "ही करामत आम्ही कधी बघितली नाही. काय म्हणायचं हिला?"

टोळने खांदे उडवले. उत्तर मास्तरांनी दिलं, अगदी गंभीर चेहऱ्याने. "हजेरी."

तिचा तिसरा नंबर आला. पहिली आलेली मुलगी तिच्या निम्म्या वयाची होती, आणि भिंगरी चौथी, त्याबद्दल भिंगरीने तिला सगळ्यांदेखत चार शब्द सुनावले आणि मग खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवलं. पुढच्या दोन मैदानांवर माती टाकायला आणि उडायला याल का, असं तिला तिथल्या तिथे विचारण्यात आलं. टोळने हो म्हणताना भिंगरीकडे बोट दाखवलं. येऊ तर दोघी.

मंडप उतरायला सुरुवात झाली, खुर्च्या एकात एक रचल्या गेल्या. डॉक्टर तिची पिशवी खांद्याला लावून, गाडीची किल्ली बोटावर फिरवत आला. ती पुन्हा उताराच्या टोकाशी उभी होती, हेल्मेट घातलेलं. समोर सगळ्या टेकड्या रिकाम्या होत्या आणि त्यांच्यावर उतरतं ऊन पसरलं होतं.

"निघायचं ना?" त्याने खालून विचारलं.

"एकच," ती म्हणाली.

डॉक्टरने पिशवी खाली ठेवली, किल्ली खिशात टाकली, आणि तो मास्तरांच्या शेजारी गवतात चांगली मांडी घालून बसला.