डाव्या बाजूचा माउस

"गेला! परत गेला!" चटका बसावा तसे खोयने दोन्ही हात कीबोर्डवरून वर उचलले.

पडद्यावरचा म्हातारा नाहीसा झाला होता. सकाळपासून खपून खोयने त्याला नातवाच्या लग्नातल्या घोळक्यातून अलगद सोडवलं होतं, डोक्यावरची टोपी काढून तिथे पांढरे केस भरले होते, कोणाच्या तरी खांद्याआड गेलेला कान नवा केला होता. सेव्ह करायला गेला आणि फोटोचा प्रोग्रॅम न सांगता न विचारता बंद झाला. फाइलही फुटली.

दारात म्हाताऱ्याचा मुलगा हेल्मेट काखोटीला मारून उभा होता. "झालं का हो? दुपारी बाबांना न्यायचंय. फोटोशिवाय कसं निघायचं?"

"बसा. देतो."

खोयने दिला, पण घाईघाईत. देव्हाऱ्यावर ठेवायचा फोटो तो, घरच्यांनी पुढे जन्मभर त्याच्यापुढे हात जोडायचे. आणि त्यात म्हाताऱ्याला कान एकच! म्हातारीने भर मांडवात विचारलं, "ह्यांचा दुसरा कान कुठाय?" सा देक गाव लहान. त्या आठवड्यात गावात दोन माणसं गेली. दोघांचे फोटो पुलापाशी होआंगच्या दुकानात झाले.

खोयचा विश्वास असाही कोणावर लवकर बसत नसे. तांदूळवालीचं माप, बर्फवाल्याची लादी, डॉक्टरची गोळी, सगळ्यांत त्याला काहीतरी काळंबेरं दिसे. लोकांच्या चामखिळी आणि व्रण पुसण्यात आयुष्य गेलेल्या ह्या माणसाला आता कुठलाच चेहरा खरा वाटत नसे. कॉम्प्युटर दुरुस्तीला नेणं त्याला मंजूर नव्हतं. हे लोक आतला चांगला भाग काढून जुना बसवतात, अशी त्याची खात्री होती. म्हणून त्याने स्वतःच प्रोग्रॅम काढून नव्याने बसवला, व्हायरस शोधला, हार्डडिस्क रिकामी केली. काही उपयोग झाला नाही. मोठी फाइल घेतली, की अर्ध्या तासात खेळ खलास.

मग एके दिवशी बाजारातून परत आल्यावर त्याला माउस दिसला. कीबोर्डच्या डाव्या बाजूला.

खोयच्या म्हाताऱ्या मा, म्हणजे आई, कॉम्प्युटरला हात लावत नसत. बायको थोआ धूळ पुसायलाही घाबरे. आणि घरात डावखुरा एकच होता. थोआचा भाऊ लुआन. तो कामाला होता ती वाळू वाहणारी बोट मालकाने विकली म्हणून तो बहिणीकडे येऊन राहिला होता. पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरशेजारी झोळी बांधून झोपायचा. बोलायला कमी, कामाला वाघ. छपराची गळती त्याने न सांगता काढली होती. ते पाहूनही खोयच्या मनात आलं होतं, हा एवढं का करतोय?

"तुझा भाऊ होआंगकडे बसतो, माहितेय तुला?" रात्री जेवताना त्याने थोआला विचारलं. लुआन हात धुवायला गेला होता.

"कॉफी प्यायला असेल. पुलापाशी सगळेच पितात."

"सगळ्यांच्या दाजींचा धंदा फोटोचा नसतो."

थोआने मातीच्या भांड्यातला माशाचा तुकडा त्याच्या भातावर ठेवला आणि ती म्हणाली, "काटे काढून खा. तुम्हाला सगळीकडे तेच दिसतात."

खोयने कॉम्प्युटरला कुलूप घातलं नाही. चोर पकडायचा तर दार उघडं ठेवावं लागतं. दुसऱ्या दिवशी शाई आणायला जातो असं सांगून तो निघाला, गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि तसाच मागे फिरला. लुआन स्टुलावरून उठत होता. पडद्यावर घाईने काहीतरी मिटलं.

"काय चाललं होतं?"

"काही नाही दाजी."

"काही नाही? मग रोज काही नाही करायलाच बसतोस? होआंगने काय काय शिकवलंय, सांग की."

लुआनच्या कानशिलाची शीर उडाली. "त्याला एक गोष्ट विचारायची होती."

"मला विचारता येत नव्हती?"

"तुम्हाला?" लुआन किंचित हसला. "तुम्ही आधी मलाच विचारलं असतं, कशाला पाहिजे म्हणून."

"माझ्या पोटावर पाय देतोयस तू! माझ्या घरात राहून!"

आतून थोआ पळी हातात घेऊन धावत आली. "अहो, काय बोलताय? कोणाला बोलताय?"

"ताई, असू दे." लुआनने झोळीच्या गाठी सोडल्या, तिची नीट घडी केली. "मी मशीनला हात लावला, ते खरं आहे. मोडलं मात्र नाही. मांना सांग, छपराचा पन्हळ पावसाआधी बघून घ्या."

तो गेला. नदीच्या वरच्या अंगाला एका वाळूच्या बोटीवर त्याला काम मिळाल्याचं थोआला दोन दिवसांनी कळलं.

आणि प्रोग्रॅम बंद पडतच राहिला.

"आता कोणाला घालवायचं?" थोआने चहाचा पेला त्याच्यापुढे आपटला. "मी आहे, मा आहेत. बोला."

त्या दुपारी खोयने कॉम्प्युटरची पेटी खाली ओढली, स्क्रू काढले आणि बाजूचा पत्रा उघडला. आत सगळं राखाडी होतं. पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसला होता, जाळी गच्च बुजली होती. बोटाने उकरलं तर वास आला, उदबत्तीचा. मशीन आतल्या आत तापून गुदमरत होतं. त्याने वर पाहिलं. पेटीच्या बरोबर डोक्यावर घराचा देव्हारा होता.

"मा, तुम्ही हल्ली उदबत्त्या किती लावता?"

मा खुर्चीतून वाकल्या. "आपल्या गेलेल्या माणसांना एकेक. आणि तुझ्याकडे येतात त्यांना."

"माझ्याकडे कोण येतं?"

"हे काय, तुझ्या पडद्यावर येतात ते. घरी आलेल्याला आपण पाणी तरी विचारतो ना? मग तुझं मशीन बिघडायला लागलं, तेव्हा वाटलं, कोणीतरी रुसलंय. म्हणून जास्तच लावत गेले." मा कावऱ्याबावऱ्या झाल्या. "माझं चुकलं का रे?"

"नाही मा."

ब्रशने त्याने सगळं झाडून काढलं आणि मशीन समोरच्या भिंतीला हलवलं. संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम एकदाही अडला नाही. नुकत्याच उघडलेल्या फाइलींच्या यादीत त्याला एक नाव दिसलं, 'मा'. आपल्या आईचा कुठला फोटो, म्हणून त्याने उघडली.

ओळखपत्रावरचा एका तरुणीचा चेहरा होता, पाठ ताठ, डोळे बिचकलेले. तिला खिशातल्या कात्रीने कापावं तसं ओबडधोबड कापून कोणीतरी लुआनशेजारी बसवलं होतं. पोक्त, उन्हाने रापलेला लुआन, आणि त्याच्या निम्म्या वयाची ती. तिच्या केसांभोवती पांढरी कड राहिली होती. आकाराने ती त्याच्याहून बरीच मोठी दिसत होती, खांदा त्याच्या अंगावर चढला होता.

थोआ मागे येऊन उभी राहिली होती.

"आमची आई," ती म्हणाली. "लुआन झाला त्याच दिवशी गेली. दोघांचा एकत्र फोटो कुठून असणार? कार्ड मीच दिलं होतं त्याला."

खोयने दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. केसांची एकेक बट मोकळी केली. दोघांवर एकाच बाजूने उजेड पाडला. तिची मान जरा लुआनकडे कलवली. मापं जुळवली, खांद्यामागे खांदा नेला. असं काम त्याच्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. फोटो फ्रेम करून तो बोटीवर गेला.

लुआन फावडं धूत होता. दाजींना पाहून त्याने हात पुसले, बसायला डबा उलटा करून दिला.

"राख होती," खोय म्हणाला. "उदबत्तीची. पंख्यात."

"कारण मिळालं ना. बरं झालं."

"मी... हे आणलंय."

लुआनने गुंडाळलेला कागद सोडला. फ्रेम दोन्ही हातांत धरून तो उन्हाकडे वळला.

"सुंदर झालाय दाजी. तुमचा हात तो." मग तो थांबला. "तिला लहान केलंत."

"माप चुकलं होतं. ती तुझ्याहून केवढी मोठी दिसत होती."

"चुकलं नव्हतं. मीच केली होती मोठी. आईपेक्षा पोरगा मोठा कसा दिसेल?" तो अवघडून हसला. "ती पहिली फाइल असेल ना अजून? तीही द्या. फोनवर ठेवीन."

खोयने त्याच फाइलवर काम केलं होतं. त्याच नावाने सेव्ह केलं होतं, पुन्हा पुन्हा, प्रोग्रॅम आता बंद पडत नाही ह्या आनंदात.

"नाही," तो म्हणाला. "ती गेली."

बोटीखालून पाणी चुळचुळत गेलं. लुआनने मान हलवली. फ्रेम परत कागदात गुंडाळली, कोपरे दुमडले आणि आत बिछान्याच्या उशाला नेऊन ठेवली. बाहेर आला तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता.

"ताईला सांगा, बरा आहे."

खोय निघाला. काठावर टाकलेली फळी ओल्या वाळूने माखली होती. लुआन पुढे झाला आणि त्याने हात दिला.

"जपून दाजी. निसरडं आहे."

खोयने तो हात धरला आणि पलीकडे पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडला नाही.