सुटलेली बारीक तार

मी एक जुना हॅम रेडिओ आहे, मित्रांनो. गाणी लावणारा नव्हे, ऐकणारा आणि बोलणारा. माझी बटणं झिजली आहेत ती आजोबांच्या बोटांनी. त्यांचे थोरले भाऊ समुद्रातल्या एका बेटावर दीपगृह सांभाळायला गेले आणि तिथेच रमले. तिथे फोन पोहोचत नाही. रोज संध्याकाळी दोघे भाऊ माझ्यातूनच भेटत.

गच्चीवर माझे दोन अँटेना आहेत. थोरल्यांचा आवाज लांब अँटेना पकडतो, जवळपासच्या गप्पा आखूड. पूर्वी आजोबा वाकून माझ्या पाठीमागची केबल हाताने बदलत. पुढे कंबर कुरकुरू लागली, तेव्हा मुलाने अँटेना आपोआप बदलणारी डबी आणली. डबीत आणि माझ्यात जाड केबल होती आवाजासाठी आणि बारीक तार निरोपासाठी. 'आता थोरल्यांच्या लहरींचा पट्टा लागलाय,' असं मी तारेतून कळवायचो. डबी टक् करून लांब अँटेना जोडायची. काय कौतुक व्हायचं आमचं!

मग घरात नात रांगू लागली. दिसेल ते तोंडात. सुनेच्या जिवाला घोर लागला. एके दिवशी तिने ती लोंबणारी बारीक तार काढून मेजामागे खोचली. मला लावून पाहिलं. दिवा लागला, खरखर आली. तिला हायसं वाटलं. निरोपाविना डबी मात्र आखूड अँटेनावरच बसून राहिली.

त्या संध्याकाळपासून थोरल्यांचा आवाज येईना. आजोबा कान लावून बसत. मला सगळं ठाऊक होतं, पण माझी जीभच मेजामागे पडली होती.

"बाबा, तुम्हीच हाक मारा ना," सून म्हणाली.

"नाही गं. आधी थोरला बोलतो. मोठ्यांच्या आधी तोंड उघडलं की टपली मारायचा."

आठवडे गेले. शेवटी आजोबांनी माझ्यावर फडकं टाकलं. फडक्याखाली मी रोज ती वेळ ओळखायचो आणि झुरायचो.

एका संध्याकाळी सुनेनेच फडकं ओढलं. "रागावू देत मोठे काका. रागावले तर निदान बोलतील तरी."

आजोबांनी बोलायचं बटण दाबलं. माझा काटा सरळ लाल रेघेपलीकडे गेला; बोलताना अँटेना जुळत नसला की तो तसाच जातो. "अगं, हा अँटेनाच चुकीचा लागलाय!" त्यांनी मेजामागे हात घातला. "ही तार कुणी काढली?"

"मी. पोर तोंडात घालायची ना. रेडिओ तर चालू होता, बाबा."

"चालू होता गं. ऐकत नव्हता."

त्यांनी तार जोडली आणि नातीचा हात पोहोचणार नाही अशी भिंतीवर उंच बांधली. टक् झालं. खरखरीतून थकलेला आवाज आला, "आहेस का रे, लहान्या? आज पण नाहीस? बरं. उद्या परत बोलावतो."

आजोबा बटण चाचपडू लागले. सुनेने त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं.

मित्रांनो, आमच्या तारा जपा, धूळ पुसा. आणि कुणाचा आवाज आला नाही, तर तो गप्प झाला असं लगेच समजू नका. आधी आपली तार बघा, मग हाक मारा. पलीकडे कुणीतरी रोज बोलावत असेल.