पाहुण्यांसमोर न बिघडणारा कॉम्प्युटर

सुनेचा कॉम्प्युटर महिनाभर मनाला येईल तेव्हा बंद पडत होता, आणि तिची परीक्षा चार दिवसांवर आली होती. एका इस्पितळाला डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी घरबसल्या टाइप करून देणारं माणूस हवं होतं. परीक्षा सलग तीन तासांची, घरूनच द्यायची. मध्ये कॉम्प्युटर बंद पडला की नाव बाद, आणि वर्षभर पुन्हा अर्ज नाही. सरावाच्या सात परीक्षांपैकी चार अशाच अर्ध्यावर गतप्राण झाल्या होत्या. सून रडणाऱ्यातली नव्हती. कॉम्प्युटर पुन्हा चालू करून ती पहिल्या ओळीपासून टाइप करायला लागे, आणि मास्तरांना ते बघवत नसे.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस. दुकान बंद केलं तरी रविवार सोडून रोज कोट अजून घरी शिवत. पुढची खोली त्यांची, मागची सुनेची, मध्ये एक भिंत. मुलगा नोकरीनिमित्त परगावी होता आणि फोनवरून सल्ला देई, की एकदा बंद करून पुन्हा चालू करून बघा. "बंद तो आपणहून होतोय," मास्तर त्याला म्हणाले होते, "निम्मं काम आम्हाला करावंच लागत नाही."

मास्तरांचं स्वतःचं निदान असं होतं, की त्याला कोंदटतंय. गळ्याचं बटण सैल करावं तसं त्यांनी एका बाजूचं झाकण काढून ठेवलं. सासूबाईंच्या मते सून बटणं फार जोरात बडवते, म्हणून तो रुसतो. दोन्ही उपाय करून झाले. सून मांजराच्या पावलांनी टाइप करू लागली, तरी तो बंद पडायचा राहिना.

मग दुरुस्तीवाल्या ताई आल्या. चौकातल्या दुकानात त्या एकट्याच बसत. त्यांनी आतली मूठभर धूळ काढली, फॅन फिरवून पाहिला, चिप तापू नये म्हणून तिच्यावर नवी पेस्ट लावली आणि तासभर कॉम्प्युटरला चांगला पळवला. तो गुणी बाळासारखा पळाला. मास्तर इस्त्री बंद करून, हात मांडीवर ठेवून शेजारी बसले होते. त्यांच्या उस्तादांची शिकवणच तशी होती. दारात माणूस आलं की हातातलं काम ठेवायचं. समोर वाफेचा फुसफुसाट करत राहणं म्हणजे 'निघा आता' असं सांगणं. ताई चहा पिऊन गेल्या आणि अर्ध्या तासात कॉम्प्युटरनं मान टाकली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून तपासल्या. पुन्हा तोच गुणीपणा. सासूबाई म्हणाल्या की ताईंचा धाक आहे त्याला, त्यांना इथेच ठेवून घेऊ या.

परीक्षेच्या आदल्या सकाळी ताई तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं. कॉम्प्युटर स्वतःच्या नोंदी ठेवतो, त्या त्यांनी उघडल्या. मागच्या वेळी आपण अचानक बंद पडलो, एवढंच त्यात बावीस वेळा लिहिलेलं होतं. का पडलो, ते कुठेच नव्हतं.

"यांच्यासारखंच आहे," सासूबाई मास्तरांकडे बघून म्हणाल्या. "उशीर झाला एवढं सांगायचं. का झाला ते विचारायचं नाही."

ताई नोंदींच्या वेळा बघत राहिल्या. सगळ्या दिवसाच्या होत्या. रविवारची एकही नव्हती, आणि ताई घरात असतानाची तर नव्हतीच.

"मी आले की या घरात काय बदलतं?" त्यांनी विचारलं.

सासूबाई म्हणाल्या, "काय बदलणार? चहा होतो. आणि हे इस्त्री बंद करून शहाण्यासारखे बसतात."

ताईंनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि इस्त्रीची वायर धरून निघाल्या. वायर कापडांच्या फळीमागे गेली, तिथून भिंतीच्या भोकातून मागच्या खोलीत, आणि कॉम्प्युटरचा प्लग होता त्याच बोर्डात जाऊन पोहोचली. ते भोक मास्तरांनीच कधीकाळी रेडिओसाठी पाडलं होतं. पुढे रेडिओ गेला आणि त्या जागी इस्त्री आली.

ताई म्हणाल्या, इस्त्री लावा आणि मी नाहीच असं समजून काम करा. मास्तरांना ते जमेना. पाहुणं माणूस समोर असताना त्यांचा हात उचलला जात नव्हता. शेवटी ताई भिंतीकडे तोंड करून बसल्या, तेव्हा कुठे त्यांनी कोटाची कॉलर दाबायला घेतली. इस्त्रीचा तांबडा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. चौथ्यांदा लागला आणि आतून सुनेचा आवाज आला, "गेला." हरवलेली वस्तू सापडावी तसा तो आवाज होता.

ताईंनी समजावलं, की इस्त्री तापताना विजेचा मोठा घोट घेते, तेवढ्यात कॉम्प्युटरला कमी पडते. त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, म्हातारा झालाय, एखाद्या वेळी सोसतो, एखाद्या वेळी नाही. नवा यायला पाच दिवस लागतील, आणि घरभर वायर एकच, तेव्हा इस्त्री दुसरीकडे लावूनही भागणार नाही.

"म्हणजे महिनाभर मीच," मास्तर म्हणाले आणि त्यांनी इस्त्री दूर सारली.

"बाबा, मुद्दाम केलंत का?" सुनेनं विचारलं.

"नाही गं."

"मग झालं तर."

उद्या इस्त्री लावायची नाही, एवढंच काम होतं. पण मास्तर स्वतःला ओळखून होते. उद्या दुपारी दोनला एका प्रवासाला निघालेल्या गिऱ्हाइकाला कोट द्यायचा होता, आणि शिवण घातली की हात आपोआप इस्त्रीकडे जाई. त्याला मास्तरांची परवानगी लागत नसे. सासूबाई म्हणाल्या, मी पहाऱ्याला बसते. मास्तर म्हणाले, तू पहिल्या दहा मिनिटांत घोरशील.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला ते एका हातावर कोट, दुसऱ्या हातात इस्त्री घेऊन ताईंच्या दुकानात हजर झाले. ताईंनी न विचारता अर्धं टेबल रिकामं करून दिलं. आजूबाजूला पोटं उघडी टाकलेले पाच कॉम्प्युटर चालू होते. इस्त्रीचा दिवा लागला की मास्तर थबकून पाचांकडे बघत. एकही हलला नाही.

"मास्तर, इथले घाबरत नाहीत," ताई म्हणाल्या.

दहा वाजले, परीक्षा सुरू झाली असणार. अकरा, बारा वाजले. मास्तरांनी फोन समोर ठेवला होता, पण करायचा नाही असं ठरवलं होतं, आणि आलाही नाही. बातमी नाही हे चांगलं की वाईट, याचा घोळ मनात घालत त्यांनी पाठ दाबली, खिसे दाबले, अस्तर दाबलं. एक वाजून गेला. ताईंनी डबा पुढे केला, त्यांनी नको म्हटलं.

सव्वाला सून दारात उभी राहिली. चालत आली होती, भराभर, आणि पायांत सासूबाईंच्या चपला होत्या.

"नाही पडला बंद," ती म्हणाली. "संपवून अकरा मिनिटं उरली होती."

"आणि?"

"शंभरात एक्क्याण्णव, लगेच पडद्यावर आले. सोमवारपासून काम."

मास्तरांनी मान हलवली. कोट उचलून उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ही बाही जरा धर," ते म्हणाले.

सुनेनं बाही ताणून धरली, आणि दोनदा दाबून झालेली ती बाही मास्तर सावकाश पुन्हा दाबू लागले.