वाहिदची बंदूक

साठ सालच्या पुरात लुटालुटीच्या भीतीनं बंदुका जमा करायचा हुकूम निघाला आणि वाहिदनं आपली परवान्याची बंदूक ठाण्यात जमा केली. मग तो डोंगा घेऊन अडकलेल्यांना काढायला गेला, तो परतलाच नाही.

पाणी ओसरलं, बाकीच्यांना बंदुका परत मिळाल्या. वाहिदची बायको रौशन ठाण्यात बंदूक मागायला गेली तेव्हा हवालदार नरमाईनं म्हणाले, “भाभी, परवाना वाहिदभाईच्या नावावर हाय. तुमच्या नावाचा अर्ज करा लागते.”

“करतो. पन तोवर मले तिले तेल लावू द्या. ते दर जुम्म्याले लावत.”

हवालदारांनी बंदूक टेबलावर ठेवली. वाहिदचा गाल टेकून टेकून दस्ता एका जागी गुळगुळीत झाला होता. रौशननं तिथं हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही.

परवाना उन्हाळ्यात आला. तोवर एकही जुम्मा तिनं चुकवला नाही.