आपोआप गेलेलं उत्तर

प्रयोगशाळांना परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं पुरवणाऱ्या त्या कंपनीत विक्रीप्रमुखाला पाठीमागे सगळे फिरकीसाहेब म्हणत. हे त्याच्या कानावर गेलं होतं, आणि त्याला तो चक्क सन्मान वाटला होता. कुणाचं टक्कल, कुणाचं अडखळत बोलणं, कुणाला झालेली तिसरी मुलगी, काहीही चालायचं. ऑफिसच्या ग्रुपवर एक ओळ खरडायची की खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ते चेहरे टाकणाऱ्यांची पगारवाढ आपणच ठरवतो, हा बारकावा त्याच्या डोक्यात कधी शिरला नाही. डोकं तसं विनोदांनीच भरलेलं होतं.

त्याला संचालक व्हायचं होतं. त्यासाठी सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाचा नवा करार हातात हवा होता. गिऱ्हाईक म्हणजे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळा चालवणारे एक वयस्कर डॉक्टर.

सुट्टीवर निघताना त्याने मेलवरून आपोआप जाणारं उत्तर लिहिलं आणि शेजारच्या टेबलावरच्या सहायक मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. "मी सुट्टीवर आहे. धीर धरा, माझ्यावाचून कुणी मरत नाही. मेलंच, तर कळवा, आल्यावर बघतो."

ती हसली नाही. "सर, हे प्रत्येकाला जाणार. समोरच्यानं काय लिहिलंय ते न बघता."

"अगं, मग प्रत्येक जण हसेल!"

"पण एखादा कुठल्या परिस्थितीत—"

"रसायनशास्त्रवाली ना तू? हसतेस तेसुद्धा थेंब मोजून. नवऱ्याचं कठीण आहे बाई!"

तिने मान खाली घालून काम सुरू केलं. फिरकीसाहेब बॅग उचलून शीळ घालत गेले.

दोन दिवसांनी डॉक्टर वारले. त्यांच्या मुलीने सगळ्या पुरवठादारांना मेल केला: बाबा आज पहाटे गेले, या आठवड्याचा माल थांबवावा. क्षणात उत्तर आलं. धीर धरा, माझ्यावाचून कुणी मरत नाही.

परत आल्यावर हे पाहून तो हळहळला. डॉक्टर गेले म्हणून नव्हे, करार गेला म्हणून. त्याने घाईघाईने लिहिलं, "गैरसमज नसावा, मशीनची चूक." डॉक्टरांच्या मुलीने उलट ऑनलाइन मीटिंग ठेवली. कंपनीचे मालकही आले.

"काका," ती म्हणाली, "बाबा तुम्हाला मानायचे, म्हणून विचारते. यात हसायचं कुठे, ते मला सांगाल?"

"अगं बाळ, ते मशीननं..."

"लिहिलं मशीननं?"

"नाही, म्हणजे... लिहिलं मीच, मॅडम. पाठवलं मशीननं."

"मग लिहिणाऱ्यानंच समजावून सांगावं."

तो सांगू लागला. लोक उगाच घाई करतात, म्हणून ती अतिशयोक्ती. मेलेला माणूस काही कळवायला येत नाही, तर ती गंमत. 'गंमत' म्हणून तो स्वतःच थोडंसं हसला. पडद्यावरच्या चौकटींतून कुणीच हसलं नाही. मालक टेबलावरची पेन्सिल न्याहाळत होते.

"कळलं," ती म्हणाली. "तुमची काच चांगली आहे. करार करू. पण यापुढे आमचा सगळा व्यवहार तुमच्या सहायक मुलीनं बघायचा. माझा मेल तिलाही गेला होता. तिनं लगेच फोन केला, वाईट वाटलं म्हणाली, आणि माल थांबवला. बास, तेवढंच हवं होतं."

संध्याकाळी मालकांचा मेल आला. तो करार सहायिकेच्या नावावर, संचालकपदाचं तूर्त राहू दे.

फिरकीसाहेबांची बोटं सवयीने कीबोर्डवर गेली. 'हल्ली गिऱ्हाइकांपेक्षा त्यांच्या भावना जड,' अशी झकास ओळ सुचलीही होती. मग ती त्यांनी खोडली आणि नुसतं 'ठीक आहे' लिहिलं. पाठवण्याआधी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी विचार केला होता. कसला, तर याने आपलं आणखी किती नुकसान होईल, एवढाच.